पुन्हा सापडलेले

१ मार्च, रविवार

आले एकदाची. अकरा तासांच्या बसप्रवासात अंग आंबून गेलं होतं, पण गाव बघितलं आणि शीण उतरला. रस्ते रुंद, झाडं भरपूर, आणि मोठा रस्ता जिथे संपतो तिथे धान्याच्या बारा कोठ्या एका ओळीत उभ्या. सहा-सहा मजली, पांढऱ्या, दारांवर काळ्या रंगात आकडे. वाईट दिवस आले तर लोकांना खायला म्हणून सरकारने जपून ठेवलेले गहू. त्या गव्हात किडे किती आहेत हे सांगण्यासाठी मला इथे बदलीवर पाठवलं आहे. लोक विचारतात, बाई, तुम्ही काय करता? मी म्हणते, किडे मोजते. मग पुढे कोणी काही विचारत नाही.

खोली झकास मिळाली आहे. वरचा मजला, मोठं टेबल, पूर्वेची खिडकी. नळ आधी खोकतो आणि मग पाणी देतो, तेवढं चालायचंच. घरमालकीण पासष्टीच्या असतील. त्यांचे यजमान कोठारावर मुकादम होते, ते वारले. मी त्यांना लगेच मावशी म्हणायला लागले आणि त्या मला लगेच अगं-तुगं करायला लागल्या, म्हणजे जमलं. एवढ्या उकाड्यातही त्यांच्या डोक्याला घट्ट रुमाल, दोन्ही कान झाकून हनुवटीखाली गाठ. किल्लीबरोबर मलाही एक तसाच रुमाल दिला. म्हणाल्या, कोठारात जाताना कान झाकत जा. मी हो म्हटलं आणि रुमाल दारामागच्या खुंटीला अडकवला. चाळिशीतच म्हातारी दिसायची मला काही हौस नाही.

बॅग उघडली तर कपड्यांच्या घडीत खारूची जांभळी नेलपॉलिशची बाटली. कार्टीने गुपचूप घातली असणार, मला तिची आठवण यावी म्हणून. आठवण यायला बाटली कशाला हवी? घरात आम्ही दोघीच. तिची शाळा अठ्ठावीस तारखेला बंद होते. तोवर ती माझ्या ताईकडे, मग ताई तिला घेऊन इथे येणार. अठ्ठावीस दिवस. नऊ वर्षांत एवढे दिवस मी तिला कधी सोडून राहिलेली नाही.

२ मार्च, सोमवार

पहिला दिवस छान गेला. कोठाराचे संचालक फाटकापर्यंत घ्यायला आले होते. माणूस भला आहे, पण कुठलीही गोष्ट सांगा, त्यांचा पहिला प्रश्न, सरासरी किती? चहासुद्धा ते दिवसाला सरासरी साडेचार कप घेतात. मी मनातल्या मनात त्यांना सरासरीसाहेब म्हणायला लागले आहे. तोंडातून निसटलं नाही म्हणजे मिळवली.

प्रयोगशाळा सात नंबरच्या कोठीला लागून आहे. माझ्या आधीचे शास्त्रज्ञ गेल्या हिवाळ्यात अचानक सोडून गेले म्हणे. त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला तर आत नुसता कापूस. बोटाच्या पेराएवढे बोळे, नीट वळून, शंभर तरी असतील. काय करत होता हा गृहस्थ, बाहुल्यांच्या उशा? सगळे कचऱ्यात टाकले.

इथे सोमवारची एक रीत आहे. सकाळची पोती तोलून झाली की सगळे कामगार एकेक करून त्याच काट्यावर उभे राहतात आणि काटेवाले काका प्रत्येकाचं वजन खडूने भिंतीवर लिहितात. एकेकाचा एक उभा रकाना. काकांना इथे एकतीस वर्षं झाली. हाडाचे थट्टेखोर. मलाही काट्यावर चढवलं आणि अठ्ठावन्न किलो, प्रत उत्तम, असा निकाल दिला. "आता तुम्ही इथल्या झालात," म्हणाले. त्यांचा स्वतःचा रकाना चौऱ्याहत्तरपासून खाली खाली येत एकसष्टवर आला आहे. वय झालं म्हणाले. हमालांचे रकानेही उतरतेच दिसले. कष्टाचं काम आहे.

४ मार्च, बुधवार

काम काय आहे ते खारूसाठी एकदा नीट लिहून ठेवते. मोठी झाल्यावर वाचेल आणि आपली आई अगदीच येडी नव्हती हे तिला कळेल.

सोंडकिड्याची मादी गव्हाच्या दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी दाणा आतून खाते. बाहेरून बघावं तर दाणा अख्खा, टपोरा. कळतं ते पाण्यात टाकल्यावर. चांगले दाणे तळाला जातात, पोखरलेले वर तरंगतात.

आता मोजणी. सहा मजली कोठीतले सगळे किडे कोण मोजणार? म्हणून चारशे पकडायचे, प्रत्येकाच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि परत सोडायचे. आठवड्याने पुन्हा चारशे पकडायचे आणि त्यांत आपले ठिपकेवाले किती ते बघायचं. पुष्कळ निघाले तर कोठीत एकूण किडे थोडे. एखाद-दुसराच निघाला तर समजायचं की आत किड्यांचा समुद्र आहे आणि आपले चारशे त्यात हरवले. माझ्या वहीत त्यासाठी रकाना आहे: पुन्हा सापडलेले. अट एकच. मधल्या काळात बाहेरून कोणी आत यायचं नाही आणि आतून कोणी बाहेर जायचं नाही. कोठी तर बंदच असते, तेव्हा ती काळजी नाही.

आज चारशेंना पिवळे ठिपके दिले. एका केसाची कुंचली, डोळ्याला भिंग, दिवसभर मान खाली. हा किडा माझ्या ओळखीतला नाही. नेहमीच्या सोंडकिड्यापेक्षा लांबट आणि फिकट. सोंडकिडा हात लागला की मेल्याचं सोंग घेतो, हा घेत नाही. तळहातावर ठेवला की ऊब शोधत मनगटाकडे चालू लागतो. लाडात आल्यासारखा.

दुपारी डबा खाऊन सगळे जण पोत्यांना डोकं टेकून अर्धा तास पडतात. मीही पडले. तागाचा वास, आतून गव्हाची बारीक सळसळ. इतकी गाढ झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

७ मार्च, शनिवार

ताईचा फोन. खारूचं जेवण म्हणजे तेच रडगाणं, दोन घास खाऊन ताट पुढे सरकवायचं. ताई म्हणाली, नाव खारू आणि खाणं मुंगीचं. सव्वीस किलोवर काटा अडकलेला आहे तो दीड वर्ष. मी म्हटलं, इथे आण, इथली हवा भूक लावणारी आहे. थाप नाही मारली. मी स्वतः सकाळी पाव, दुपारी डबा, पाचला पुन्हा पाव आणि आठला ताटभर जेवते आहे, आणि मावशी वाढता वाढता माझ्याकडे बघत राहतात. काल त्यांनी विचारलं, रुमाल बांधतेस ना? मी हो म्हटलं. एवढं तेवढं खोटं चालतं.

मान जरा डावीकडे अवघडली आहे. भिंगाचा प्रताप.

९ मार्च, सोमवार

छप्पन्न किलो. मी म्हटलं, काका, काटा बिघडला, मी चौघांचं खाते. काका म्हणाले, काटा कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. त्यांचे स्वतःचे बावन्न. आठवड्यात नऊ किलो. डॉक्टरांकडे जा म्हटलं तर हसले. भूक चांगली, झोप चांगली, मग डॉक्टरला सांगू काय, म्हणाले. 

११ मार्च, बुधवार

आज मोजणी. चारशे पकडले. पिवळे किती? दोन. फक्त दोन.

हिशेब तीनदा केला. चारशे गुणिले चारशे, भागिले दोन. ऐंशी हजार. एका कोठीत ऐंशी हजार किडे. सरासरीसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा हिंदकळला. राखीव धान्याचं नवं धोरण याच महिन्यात ठरतं आहे आणि त्यांना आकडा हवाच होता, पण एवढा मोठा नको होता. आणखी एकदा करा म्हणाले. करते की. मोजायला मला काय कंटाळा?

१३ मार्च, शुक्रवार

पिवळा रंग वाळून खडा झाला. नवा मागवायचा तर अर्ज, अर्जावर सही, सहीवर शिक्का. तोवर किडे म्हातारे होतील. शेवटी खारूची जांभळी नेलपॉलिश काढली. चारशे जांभळे ठिपके. काय सुंदर चमकतात म्हणून सांगू! प्रत्येक ठिपका देताना तिची आठवण आली. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे ते आता माझे किडे. मी आले की मला दाखव." दाखवीन म्हटलं.

दुपारी एक गोष्ट पाहिली. किडे गव्हात कमी आणि रिकाम्या पोत्यांच्या शिवणीत जास्त बसलेले असतात. हमाल पोतं पाठीवर घेतो तेव्हा त्याचा कान बरोबर शिवणीला लागतो. गमतीची गोष्ट, म्हणून लिहिली.

१७ मार्च, मंगळवार

सरासरीसाहेबांना घाई, म्हणून चारच दिवसांनी पुन्हा चारशे पकडले. जांभळा एक. पिवळा एकही नाही.

म्हणजे एक लाख साठ हजार. आठवड्यात दुप्पट. हे असंच चाललं तर दोन महिन्यांत बाराही कोठ्यांत भुसा उरेल. मी नोकरीत सोळा वर्षं किडे मोजते आहे, पण माझ्या आकड्याने कोणाची झोप उडाली असं पहिल्यांदाच होतं आहे. खरं सांगायचं तर छाती फुगली.

काल काट्यावर त्रेपन्न. मोजणीच्या धांदलीत असं होतं.

१८ मार्च, बुधवार

निर्णय झाला. गहू किडून वाया जाण्यापेक्षा लोकांच्या पोटात जाऊ दे. सात नंबरची कोठी आधी रिकामी करायची आणि गहू शहरांतल्या शाळांना मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी लगेच पाठवायचा. किडे चाळून काढले, धुतलं, शिजवलं की अपाय नाही, असं प्रमाणपत्र लागतं. सोंडकिडा चावत नाही, डसत नाही, रोग पसरवत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी सही केली. यादीत खारूची शाळा अकरावी होती. मला बरंच वाटलं. आपण जपलेलं धान्य आपल्याच लेकीच्या ताटात.

२१ मार्च, शनिवार

तीन दिवस ट्रक चालले आहेत. आज ताईचा फोन, आणि आवाजात नुसता आनंद. शाळेत पोती आली, व्हरांड्यात रचून ठेवली आहेत, पोरं त्यांवर घसरगुंडी खेळतात. खारू मधल्या सुट्टीत पोत्याला टेकून झोपली म्हणे, बाईंनी उठवलं. आणि काल जेवली! तीन वेळा मागून घेतलं. ताई म्हणाली, तुझ्या गव्हात काय जादू आहे गं? माझा जीव भांड्यात पडला. दीड वर्षाची काळजी एका पोत्याने मिटवली.

२३ मार्च, सोमवार

 क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं.

सकाळी वजनं झाली. काटेवाले काका सदतीस. एकतीस वर्षं माणसांची वजनं लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःचे सदतीस किलो खडूने लिहिले आणि खिशातून मूठभर कच्चे गहू काढून तोंडात टाकले. चेहरा समाधानी. मान डावीकडे कललेली. मी काट्यावर चढले नाही.

अकराच्या सुमारास आगीसाठीच्या पाण्याच्या हौदाजवळ आवाज झाला. काका कठड्यावरून आत पडले होते. हौद दोन पुरुष खोल. मी धावले, ओरडले, बाकी कोणी धावलं नाही. जवळ जाऊन बघते तर काका बुडालेच नव्हते. पाण्यावर होते. पोहत नव्हते, हातपाय हलवत नव्हते, नुसते पडून होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. कपडे भिजले होते, बूट भिजले होते, तरी पाठ पाण्यात चार बोटंसुद्धा गेली नव्हती. एका हमालाने एका हाताने त्यांना उचलून बाहेर ठेवलं.

मी खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मान वळवली तसं डाव्या कानातून पाणी आलं. पाण्याबरोबर एक किडा. मग एक. मग एकामागे एक, घाई न करता. पाठीवर पिवळे ठिपके.

मी मोजले. सवयच. अठरा.

२४ मार्च, मंगळवार

आज सात नंबरमधल्या उरलेल्या गव्हातली आठ पोती चाळणीतून काढली. एकटीने. किडे निघाले अकरा. पाखरू नाही, अळी नाही, अकरा किडे.

लाख नव्हतेच कधी. माझे ठिपकेवाले सापडले नाहीत ते गर्दीत हरवले म्हणून नव्हे, निघून गेले म्हणून. बाहेर कोणी जायचं नाही ही एकच अट, आणि तीच मी तपासली नाही. कोठीचं दार बंद होतं, पण कोठीत माणसं जात-येत होती, पोत्याला कान लावून. कोठी रिकामी होत होती आणि मी तिला भरलेली म्हणत होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

आणि त्या चुकीवर सही करून मी ती पोती मुलांकडे पाठवली.

सरासरीसाहेबांकडे गेले. ट्रक थांबवा, शाळांना कळवा, माझं प्रमाणपत्र रद्द करा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, तक्रारी किती? मी म्हटलं, एकही नाही. ते म्हणाले, उलट शाळांकडून आणखी गव्हाची मागणी आहे, मुलं आनंदाने जेवत आहेत. "बाई, तक्रार नाही म्हणजे रोग नाही. नोंद तरी कुठल्या रकान्यात करू?" टेबलावर वाटीत कच्चे गहू होते. बोलताना ते एकेक दाणा चघळत होते. त्यांची मान कोणत्या बाजूला होती ते मला आता लिहायचं नाही.

२५ मार्च, बुधवार

ताईला फोन. शाळेत पाठवू नकोस, तिथलं खाऊ देऊ नकोस, तिचे कान बघ. ताई हसली, मग रागावली. मी एकटी राहून डोक्यावर परिणाम करून घेतला आहे म्हणाली. पोर पहिल्यांदा पोटभर जेवते आहे आणि तुला तेही बघवत नाही? कान बघितले, स्वच्छ आहेत, म्हणाली. दिवा घेऊन बघ म्हटलं. तिने फोन ठेवला.

मावशींना सगळं सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या, चिरत राहिल्या. त्यांना माहीत होतं. मुकादमांचं शेवटचं वजन एकोणतीस होतं. मी ओरडलेच, सांगितलं का नाही कोणाला? त्या म्हणाल्या, "तुझ्या आधीच्या साहेबांना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, किती टक्के लोकांना? मी काय सांगणार टक्के? मला एकच नवरा होता."

तो साहेब कुठे गेला ते मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. सात नंबर.

कापसाचे बोळे करून दोन्ही कानांत घट्ट घातले. रुमालही बांधला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, आता घालून — आणि बोलणं तिथेच सोडून उठल्या.

२६ मार्च, गुरुवार

दवाखाना. डॉक्टरांनी काकांना आणखी तपासायला नकार दिला. नाडी चांगली, भूक चांगली. मी चिमट्याने काढलेले अठरा किडे बाटलीत घालून नेले होते. ते बाटलीकडे बघत राहिले, प्रेमाने. मग झाकण उघडून तळहात पुढे केला. किडे ओळीने मनगटाकडे चालू लागले. मी बाटली हिसकावली, पण नऊच —

शाळेला चार फोन केले. मुख्याध्यापकांनी आभार मानले. सरकारने असंच धान्य पाठवत राहावं म्हणाले.

भूक लागली आहे. भीतीने लागते तशी.

२७ मार्च, शुक्रवार

काका आज कामावर नव्हते. हमालही नाहीत. सात नंबरचं दार उघडं.

आत गेले. गव्हाच्या उतारावर नीट घड्या घातलेले कपडे, बुटांचे जोड, काकांचा खडू. ते सगळे वर आडवे, शेजारी शेजारी, पोत्यांवर दुपारी पडतात तसे. मी काकांच्या खांद्याला हात लावला. बोट आत गेलं. कागदी पिशवीत जातं तसं. आत काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते काका नव्हते. सळसळत होतं.

पहिल्या आठवड्यात पोत्यातून ऐकलं होतं तसंच.

किती होते मोजलं नाही. पहिल्यांदाच मोजलं नाही.

२८ मार्च, शनिवार

ताईच्या घरी फोन कोणी उचलत नाही. निघाल्या असणार. मी इथून निघाले तर वाटेत चुकामूक. उद्या दहाची बस.

टेबलावर तयार: भिंग, दिवा, चिमटा, कोमट तेल, कापूस. दोन-तीन असतील तर निघतील. नक्की निघतील. आठच दिवस झाले आहेत. लहान आहे, जीव दांडगा आहे. तिला काही झालं तर ते माझ्या सहीने झालेलं असेल. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही.

मला काही नाही. मी बोळे घातले आहेत. शाळेतलं खाल्लेलं नाही.

खिशात गहू कोणी टाकले?

२९ मार्च, रविवार

बस वेळेवर. आधी ताई उतरली, हसत, मान — नाही, प्रवासाने अवघडली असेल. मग खारू. शेवटच्या पायरीवरून उडी मारली. पायांचा आवाज आला नाही.

पळत आली, गळ्यात पडली. उचलली.

सव्वीस किलो. मी तिला रोज उचलायचे, कमरेत कळ यायची, म्हणायचे, उतर बाई आता. आज हात एकदम वर गेले. रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तसे.

आई, भूक लागली, म्हणाली.

मावशींनी दार उघडलं. खारूकडे बघितलं. आत जाऊन स्वतःच्या खोलीची कडी लावून घेतली.

३० मार्च

सकाळ. ताई सात नंबरकडे गेली आहे, बघून येते म्हणाली. मी अडवलं नाही. अडवायला हवं —

खारूला खिडकीशी बसवलं. ऊन चांगलं आहे. दिवा, भिंग. ती गप्प बसली, शहाण्यासारखी. गुदगुल्या होतात म्हणाली. डावा कान.

खोल आत चमकलं. जांभळं.

मीच दिलेला ठिपका. तिच्याच बाटलीतला. जरा बाजूला पसरलेला आहे, त्या दिवशी तिचा फोन आला आणि हात हलला होता.

वही काढली. रकाना आहे.

पुन्हा सापडलेले: १

तेल घातलं. बाहेर येत नाही. तेल घातलं. आणखी आत —

ती रडत नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. आई, हे माझेच किडे ना, विचारते आहे. तू दाखवीन म्हणाली होतीस.

आता तिला माझे बघायचे आहेत. नको म्हटलं. तिने बोळे काढलेसुद्धा. भिंग तिच्या हातात. हात किती हलका, कानावर आहे हे कळतही —

पिवळे, आई.

नाही. पिवळे पहिल्या आठवड्यातले. चार तारखेचे. म्हणजे मोजणीच्या आधी, आकड्याच्या आधी, सहीच्या —

ती मोजते आहे. मी शिकवलं तसं, न घाबरता, एकही न चुकवता. नऊ. दहा. अकरा. डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आहे, तिचा कान माझ्या कानाला. भूक लागली आहे. दोघींनाही. चौदा. पंधरा. आतून सळसळ, तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून

सतरा, आई, अजून खूप